वाचक विचारतात : घराजवळचं छोटं राखीव जंगल आणि मुलांसह फेरफटका

दूरच्या मोठ्या अभयारण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. गावा-शहराला लागून असलेल्या लहानशा राखीव जंगलात, पाणथळीत किंवा उद्यानात घरच्यांना घेऊन सकाळ घालवायची असेल तर काय करावं, याबद्दल मात्र फारसं सापडत नाही. वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी ४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. प्रवेशद्वारावरच्या पाटीवर 'फेरी ३ किमी, १ तास' असं लिहिलंय. आम्हाला जमेल का?

एका तासात नाही जमणार. पाटीवरचा वेळ न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाचा असतो. असे अंदाज बांधायचा जुना नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला : सपाटीला तासाला ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी होता. चार वर्षांचं मूल थांबत, वाकत, काड्या गोळा करत तासाला एक ते दीड किलोमीटर जातं. म्हणजे तुमची फेरी दोन ते तीन तासांची झाली, आणि या वयाला ती जास्त आहे.

पहिल्या खेपेला एक-दीड किलोमीटरची वाट निवडा. गोल फेरीपेक्षा गेल्या वाटेने परत येणं बरं. गोल फेरीत अर्ध्यावर मूल बसलं, की पुढे जा नाहीतर मागे, अंतर तेवढंच. मग चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन निघावं लागतं, आणि या वयाच्या मुलांचं वजन १६ किलोच्या आसपास असतं. गेल्या वाटेने परतायचं असेल तर वाटेल तिथून मागे फिरता येतं. फक्त वेळेच्या बरोब्बर अर्ध्यावर फिरू नका. परतीला पाय दमलेले असतात, चाल मंदावते. दीड तास हाताशी असेल तर चाळीस मिनिटं झाली की मागे वळा.

पहिली वीस मिनिटं मुलं पळत सुटतात, तेव्हा 'आज चांगली चालतायत' असं वाटून पालक लांबचा पल्ला ठरवतात. नेमकं तिथेच चुकतं. खाऊ आणि पाणी मुलांनी मागायच्या आधी द्या. मागायला लागली म्हणजे ती आधीच दमलेली असतात. पाणी मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर आणि मुलाला त्याच्या निम्मं, असं धरून न्या. ऊन असेल तर त्याहून जास्त.

नऊ वर्षांच्या मुलाला बहिणीच्या चालीने चालायचा कंटाळा येतो. त्याच्या हाती नकाशा आणि घड्याळ द्या. पुढचा फाटा कुठे, मागे फिरायची वेळ झाली का, हे त्याने सांगायचं. आणि ते काम खरोखर त्याच्यावर सोपवा. त्याने 'फिरा' म्हटलं की फिरा.

प्रश्न : आमच्या जवळच्या राखीव जंगलात मोठा प्राणी एकही नाही. नुसती झाडं आणि एक तळं. मुलांना दाखवायचं तरी काय?

मुलांची नजर जमिनीपासून मीटरभर उंचीवर असते. तिथून दिसणारं जग आपल्याला वाकल्याशिवाय दिसत नाही. लहान जंगलाचा मोठा फायदा असा, की तिथे लांब जायची घाई नसते. वाटेकडेला पडलेल्या एका कुजक्या ओंडक्यापाशी अर्धा तास सहज जातो.

ओंडका फोडू नका, त्याची सालही सोलू नका. ते कुणाचं तरी छप्पर असतं. शेजारचा तळहाताएवढा दगड पुरेसा आहे. तो उचलायची पद्धत अशी : दगडाची पलीकडची, म्हणजे तुमच्यापासून लांबची कड काडीने उचला आणि दगड स्वतःकडे कलता करा. खाली विंचू किंवा साप असलाच तर दगड तुमच्या आणि त्याच्यामध्ये आडोसा होतो आणि त्याला पलीकडे निसटायला वाट मिळते. जवळची कड उचलली तर तो थेट तुमच्या पायांकडे येतो. हे काम मोठ्यांनीच करायचं. मुलांनी तुमच्या मागे उभं राहून पाहायचं.

खाली ओल असते आणि त्या ओलीवर जगणारे जीव असतात. पायांचे झुपके हलवत संथ चालणारा तो वाणी : त्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. सळसळत पळते ती गोम, तिला प्रत्येक वळ्याला एकच जोडी. हा फरक मुलांना एकदा दाखवला की पुढे ती स्वतःच ओळखतात. गोम चावते, तिला हात लावायचा नाही. वाणी चावत नाही, पण त्याच्या अंगातून येणाऱ्या द्रवाने डोळे चुरचुरतात. हातावर घेतलाच तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. मिनिटभर पाहून झालं, की दगड होता तसाच, त्याच खळग्यात, हळूच ठेवायचा. उलटा टाकून गेलात तर ओल उडते आणि खालची वस्ती मरते. ही सवय मुलांना पहिल्याच दिवशी लागली पाहिजे.

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग बरोबर घ्या. बहुतेक जण ते वस्तूवर धरून लांबून डोकावतात आणि धूसर दिसतं म्हणून कंटाळतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान उचलून भिंगाकडे आणायचं. अडीच सेंटीमीटरच्या आसपास आलं की पानावरची लव, शिरा, मव्याचे पाय लख्ख दिसतात.

लहान जागेला कमी लेखू नका. जगातल्या सुरुवातीच्या राखीव क्षेत्रांत ज्याचं नाव घेतलं जातं, ते इंग्लंडमधलं चार्ल्स वॉटर्टन यांचं वॉल्टन हॉल ही एका माणसाची इस्टेटच होती. १८२० च्या दशकात त्यांनी तिच्याभोवती सुमारे पाच किलोमीटरची भिंत घातली आणि आत पक्ष्यांना निर्धास्त राहू दिलं.

प्रश्न : पक्षी पाहायला उजाडताच गेलं पाहिजे म्हणतात. लहान मुलांसह ते शक्यच होत नाही. उशिरा गेलो तर फेरी वाया जाते का?

नाही. पक्षी सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वांत लगबगीत असतात हे खरं. पण फुलपाखरं आणि चतुर उशिरा उठणाऱ्यांसाठीच आहेत म्हणा. त्यांचं अंग उन्हाने तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. सकाळी पंख पसरून ऊन खात बसलेलं फुलपाखरू अगदी हातभर अंतरावरून पाहता येतं. दुपारी तेच फुलपाखरू टिकत नाही. नऊ ते अकरा ही वेळ तळ्याकाठी घालवा.

तिथे दोन सारखे दिसणारे कीटक भेटतील. बसताना पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर. बहुतेक वेळा पंख मिटून पाठीशी धरते, जिचं अंग सुईसारखं बारीक आणि डोळे एकमेकांपासून लांब असतात, ती टाचणी. चतुराला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, त्यामुळे मागून दबकत जाण्याने काही साधत नाही. खाली बसून, तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने, हळूहळू सरका. उडाला तरी जागा सोडू नका. चतुर पुष्कळदा त्याच काडीवर परत येऊन बसतो. मुलांना हे आधी सांगून ठेवा आणि मग तो परतताना त्यांचे चेहरे पाहा.

पक्ष्यांसाठीही एक सांगण्यासारखं आहे. आपण आलो की आसपासचे पक्षी गप्प होतात किंवा दूर होतात. न हलता बसलं तर दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा आपापल्या कामाला लागतात. बहुतेक कुटुंबं आठव्या मिनिटाला 'इथे काही नाही' म्हणून उठतात. पक्षी पाहण्यासाठी बांधलेली लपण असेल तर तिथेच बसा, खाऊही तिथेच काढा; तोंडात काही असलं की मुलं गप्प असतात. भडक कपड्यांचा लोक फार बाऊ करतात, पण पक्षी उडतो तो आवाजाने आणि अचानक हललेल्या हाताने. बोटाने दाखवायची सवय मोडा. 'त्या फांदीच्या उजवीकडे' असं सांगायला शिकवा.

प्रश्न : मुलांसाठी दुर्बीण घ्यायची आहे. ८×४२, १०×५०, ८×२१ असे आकडे असतात, काही कळत नाही.

पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा : ८×४२ मधून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची चकती सव्वापाच मिलीमीटरची, ८×२१ मधून अडीचच्या जरा वर. चकती मोठी असेल तर झाडीतल्या अंधारातही उजळ दिसतं आणि डोळा थोडा सरकला तरी चित्र निसटत नाही. मुलांचा हात स्थिर नसतो, म्हणून ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. १० पट किंवा त्याहून जास्त घेऊ नका. हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते. मुलांसाठी ६×३० किंवा ८×३० उत्तम. घेण्याआधी दोन्ही नळ्या मुलाच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का, हे मुलाच्याच डोळ्यांना लावून पाहा. पुष्कळ दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत, आणि मग मूल एका डोळ्याने पाहत राहतं.

जुळवणी अशी. आधी नळ्या मिटत आणा, दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवा. कडी तिथेच राहू द्या. पुढे फक्त मधलं चाक. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधला तर नुसती पानं दिसतात. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही; एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलाला पुठ्ठ्याची नळी द्या, नेम धरायचा सराव तिच्यानेही होतो.

प्रश्न : सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि बाळ बाबागाडीत आहे. 'सोपी वाट' लिहिलंय त्यावर विश्वास ठेवावा का?

'सोपी' या शब्दावर नका ठेवू. निघण्यापूर्वी फोन करून पाच गोष्टी विचारा : वाटेवर पायऱ्या आहेत का आणि किती, जमीन पक्की, मुरमाची की मोकळ्या वाळूची, सर्वांत तीव्र चढ कुठे, फाटकाची रुंदी किती, आणि बाकांमधलं अंतर किती. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, तेव्हा उताराबद्दलही विचारा. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलायला १२ मीटर अंतरात १ मीटर चढ ही कमाल मर्यादा समजा. २० मीटरला १ असेल तर आरामात जाते. फाटक ९० सेंटीमीटर तरी हवं. फळ्यांच्या पुलावर फटी चालण्याच्या दिशेने लांब असतील तर बारीक चाकं त्यात अडकतात, आडव्या असतील तर नुसता खडखडाट होतो.

शंका असेल तर बाबागाडी गाडीतच ठेवून बाळाला पाठीवरच्या झोळीत घ्या. सासूबाईंसाठी काठी एकाऐवजी दोन. आणि त्यांना पूर्ण फेरीचा आग्रह नको. तळ्याकाठच्या बाकावर तासभर बसणाऱ्यालाच बहुतेक वेळा सर्वांत जास्त पक्षी दिसतात.

प्रश्न : वाटेत चिखल असेल तर कडेने जावं ना?

मधूनच जावं. प्रत्येकाने कडेने जायचं ठरवलं की वाट दोन्ही बाजूंनी रुंदावते, कडेची रोपं तुडवली जातात आणि माती दबून मुळांना हवा मिळेनाशी होते. एवढ्याशा जंगलात दोन मीटर रुंदावलेली वाट हे मोठं नुकसान आहे. मुलांना जुने बूट घाला, मोज्यांचा जादा जोड घ्या, आणि चिखलातून चालू द्या. त्यांची काही तक्रार नसते.

प्रश्न : वाटेवर पक्ष्याचं पिल्लू पडलेलं दिसलं तर घरी आणून वाढवावं का? हात लावला तर आई टाकून देते असं ऐकलंय.

घरी आणू नका. आधी पिल्लाकडे नीट पाहा. अंगभर पिसं आलेली, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर पडून उडायला शिकतंय. आईबाप आसपासच असतात, पण तुम्ही उभे आहात तोवर येत नाहीत. वीस-पंचवीस मीटर मागे या. अगदी रहदारीच्या वाटेवर असेल तरच उचलून शेजारच्या झुडपात ठेवा.

अंगावर पिसं नाहीत आणि घरटं दिसतंय, हात पोहोचतोय, तर अलगद परत ठेवा. माणसाच्या वासाने आई पिल्लू टाकते, हा समज चुकीचा आहे. जखमी असेल किंवा घरटं सापडत नसेल तर तिथल्या वनरक्षकाला सांगा. चोचीत पाणी मात्र मुळीच घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब तिथून फुफ्फुसात जातो आणि पिल्लू दगावतं.

प्रश्न : साप, मधमाश्या, गोचिडी यांची धास्ती वाटते. काय तयारी ठेवावी?

सापासाठी : बंद बूट, वाटेच्या मधून चालणं, आणि न दिसणाऱ्या जागी हात न घालणं. आडवा ओंडका उडी मारून ओलांडू नका. त्यावर पाय देऊन पलीकडे पाहा, मग उतरा. चावलाच तर चावलेला हात किंवा पाय हलू न देता, अंगठ्या-कडी काढून, सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयात थेट जा. घट्ट बांधणं, कापणं, चोखणं, यांतलं काहीही नको. सापाला पकडण्यात वेळ घालवू नका.

मधमाश्यांचं पोळं दिसलं तर दगड, धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर यांपासून लांब राहा. माशीने डंख मारला की काटा अंगात राहतो आणि त्याची पिशवी विष ढकलत राहते. नखाने असो की बोटांनी, लगेच काढा. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची. त्या जागी धोक्याचा वासही सुटतो आणि बाकीच्या माश्या तिकडे येतात, म्हणून तिथे थांबू नका. झुंड मागे लागली तर तोंड झाकून सरळ रेषेत पळा आणि गाडीत किंवा खोलीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोटाळत थांबतात. डंखानंतर चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला तर तातडीने रुग्णालय.

गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ वर सावकाश ओढायची. तेल, चटका, पिळणं नको; त्याने ती आणखी द्रव आत सोडू शकते किंवा तोंड तुटून राहतं. नंतर जागा साबणाने धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा. जळू लागली तर नख तिच्या बारीक टोकाशी सरकवून सोडवा. मीठ टाकू नका. नंतर रक्त बराच वेळ येतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरायचं कारण नाही, स्वच्छ कापडाने दाबून धरा.

प्रश्न : कुत्र्याला नेता येईल का? तो फार शांत आहे.

परवानगी असेल तिथेही आखूड पट्ट्याला बांधून, आणि त्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणून. कुत्रा शांत असला तरी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तो शिकारीच वाटतो आणि ते अंड्यांवरून उठतात. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटी अभयारण्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाच्या साथीत तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, म्हणून लसीकरण पुरं असायला हवं. पिसवांचं औषध लावलेल्या कुत्र्याला तळ्यात उतरू देऊ नका. ते औषध पाण्यातल्या किड्यांनाही मारतं.

प्रश्न : बदकांना पाव टाकला तर मुलांना मजा येते. फळांच्या साली तर कुजतातच ना?

पावाने बदकांचं पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेला पाव तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि शेवाळ माजतं. सालीही कुजायला महिनोन्महिने लागू शकतात, शिवाय प्राण्यांना वाटेवर येऊन खायची सवय लागते. सगळं परत आणा, डायपरसुद्धा.

प्रश्न : मोबाईलवरून पक्ष्याचा आवाज वाजवला तर तो जवळ येतो. हे बरोबर आहे का?

तो मैत्रीने येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून भांडायला येतो, आणि तेवढा वेळ खाणं, पिल्लं, घरटं सोडतो. लहान जंगलात एकाच जोडीला दिवसातून दहा जण असं बोलावतात. वाजवू नका; ऐका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. ते सुचवणं आहे, निकाल नाही. पक्षी डोळ्यांनी दिसल्यावरच नोंद करा. मुलांसाठी कॅमेरा धरला की झाड, किडा, पक्षी ओळखून नाव सुचवणारं सीक हे ॲप सोयीचं, त्याला खातं लागत नाही. घरट्याचा फोटो ठिकाणासह कुठेही टाकू नका.

प्रश्न : फिरताना अचानक गडगडाट सुरू झाला तर झाडाखाली थांबावं का?

एकट्या उंच झाडाखाली अजिबात नाही. उघडी लपण किंवा छत्रीवजा निवाराही विजेपासून वाचवत नाही. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. दर ३ सेकंदांना साधारण १ किमी. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

प्रश्न : घरी आल्यावर कपड्यांना चिकटलेल्या बिया कुठे टाकायच्या?

केरात, पिशवी बांधून. बागेत किंवा रस्त्याकडेला झटकू नका. उपऱ्या तणांचा प्रसार असाच होतो. बुटांच्या तळाच्या खाचांतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, आणि पुढच्या वेळी निघण्यापूर्वीही काढा, म्हणजे एका जंगलातलं तण दुसऱ्यात जाणार नाही. टाकण्याआधी एक बी भिंगाखाली धरा. तिच्या काट्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली दिसतील. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ मध्ये स्वतःच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या अशाच बिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यातून वेल्क्रो आलं. मुलाच्या बुटाचा वेल्क्रोचा पट्टा त्याच भिंगाखाली शेजारी धरला, तर आकडे तिथेही दिसतील.

त्यानंतर लगेच अंघोळ. तेव्हाच कानांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटलीय का ते पाहून घ्या.